झाकल्या मुठीने घर वाचत नाही



श्रावणातल्या एका संध्याकाळी वडगावातल्या ओळखीच्या घरातला मुलगा माझ्याकडे आला. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पाच पाकिटे. त्यातली चार फोडलेलीसुद्धा नव्हती.

"काका, दारावर कागद चिकटवलाय. आजी विचारतेय काय लिहिलंय म्हणून. मी तिला मीटरवाल्याचा कागद आहे असं सांगितलंय. तुम्ही बँकेत आहात, जरा बघता का?"

मी पाकिटे फोडली. पहिल्यात थकबाकी भरण्याविषयी साधे पत्र होते. तिसऱ्यात साठ दिवसांची मागणी नोटीस होती. दारावरचा कागद म्हणजे घराचा ताबा घेतल्याची नोटीस. तिला चोपन्न दिवस झाले होते. तिच्याविरुद्ध दाद मागायला कायदा पंचेचाळीस दिवस देतो, म्हणजे मुदत नऊ दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. पाकिटे का फोडली नाहीत असे विचारले तेव्हा कळले, की वडिलांनी ती देव्हाऱ्याच्या मागे ठेवली होती. "दिवाळीनंतर बघू" म्हणाले होते.

ते घर आजोबांच्या हातचे, दगडी जोत्याचे, पुढे माग आणि मागे विहीर. मागाच्या धंद्यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढले होते. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले ते नंतर पूर्वीसारखे चालले नाहीत, आणि पुढच्या वर्षांत हप्ते तुंबत गेले. यात लाज वाटावी असे काही नव्हते. पण चार पिढ्या एका गल्लीत राहिलेल्या घराला सर्वांत मोठी भीती असते ती गल्लीला कळण्याची.

मी बँकेत कारकून आहे. वकील नाही, पुढारी नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन गेली वीसएक वर्षे काउंटरमागे बसलो आहे आणि कर्ज खात्यांचे कागद पाहत आलो आहे. या अनुभवावरून एक गोष्ट सांगण्यासाठी यावेळी संपादकांनी दिलेली ही जागा वापरतो. आपल्याकडे घर जाते ते बहुतेक वेळा कर्ज मोठे होते म्हणून नव्हे, तर माणूस गप्प राहिला म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण लग्नकार्यात ठीक आहे. कर्जाच्या बाबतीत मूठ झाकून ठेवली, की त्या मुठीतले घरच निसटते.

दिवाळे काढून घर वाचते का?

अडचणीतला माणूस हळू आवाजात पहिला प्रश्न विचारतो तो हाच. "दिवाळखोरी जाहीर केली तर बँक हात लावू शकणार नाही ना?" हा समज बराचसा अमेरिकेहून आलेला आहे. आपल्यातल्या अनेकांची मुले तिकडे आहेत. तिथल्या दिवाळखोरी कायद्याच्या तेराव्या प्रकरणाखाली नियमित मिळकत असलेल्या घरमालकाला तीन ते पाच वर्षांत थकबाकी फेडण्याची योजना न्यायालयाकडून मंजूर करून घेता येते, आणि ती पाळली तर घर राखता येते. आपल्याकडे सर्वसामान्य कुटुंबासाठी असे काही प्रत्यक्षात नाही.

आपल्या भागाला लागू असलेला जुना कायदा १९२० सालचा, प्रांतिक नादारी कायदा. तो आला तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते, यावरून त्याचे वय लक्षात यावे. त्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज करता येतो. पण ज्याच्याकडे घर गहाण आहे त्या सावकाराचा, म्हणजे बँकेचा, तारणावरचा हक्क त्या अर्जाने अडत नाही. नादारीने हातउसने, दुकानाची उधारी असली विनातारण देणी थोपवता येतील, गहाण घर नव्हे.

२०१६ साली नवा दिवाळखोरी कायदा झाला. त्यात व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू केला गेला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. साध्या कर्जदाराला त्याचा दरवाजा उघडलेला नाही. त्यात अगदी गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाची कर्जमाफीची तरतूद लिहून ठेवली आहे. तिच्या अटी वाचल्या तर कपाळावर हात मारावासा वाटतो. वार्षिक मिळकत साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत, आणि अर्जदाराच्या मालकीचे राहते घर असता कामा नये, मग ते गहाण असो वा नसो. म्हणजे घर वाचवण्यासाठी या तरतुदीकडे पाहणाऱ्याला उंबऱ्यावरच नकार.

म्हणून दिवाळखोरीचा नाद सोडा. तुम्हाला कोणी "अर्ज करून देतो, बँक थांबेल" असे सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

बँकेच्या हातात काय आहे

२००२ पर्यंत गहाण घर विकायचे तर बँकेला दिवाणी न्यायालयात जावे लागे आणि निकालाला वर्षे लागत. त्या वर्षी 'सरफेसी' या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना मिळाला. २००४ साली मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. मात्र दाद मागण्यापूर्वी कर्जदाराने पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी ही अट रद्द केली, आणि कर्जदाराच्या हरकतीचा बँकेने विचार केलाच पाहिजे असे बजावले.

आपली सहकारी बँक आपल्यातलीच, ती असे करणार नाही, या भ्रमातही राहू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. पतसंस्था आणि सोसायट्या बँका नसल्यामुळे त्यांचा मार्ग वेगळा. त्या सहकार खात्याकडे किंवा लवादाकडे दावा लावतात, निवाडा घेतात आणि मग जप्ती आणतात. तिथे तारखेला हजर न राहिल्यास निवाडा एकतर्फी होतो. सोसायटीचा चेअरमन आपल्या गल्लीतला आहे म्हणून समन्स बाजूला ठेवणारे मी पाहिले आहेत.

इथे बँकेची बाजूही सांगितली पाहिजे. कर्जात गेलेला पैसा बँकेचा नसतो, ठेवीदारांचा असतो. त्यात आपल्याच निवृत्त मास्तरांची आणि विधवा काकूंची ठेव असते. वसुली झाली नाही तर काय होते, हे बुडालेल्या संस्थांच्या दारात रांगेत उभ्या राहिलेल्या ठेवीदारांना विचारावे. कर्ज फेडू नका असे मी सांगत नाही. घर आणि अब्रू शिल्लक ठेवून फेडण्याचे जे रस्ते आहेत ते वेळेवर धरा, एवढेच सांगतो.

पहिले नव्वद दिवस

हप्ता चुकला आणि थकबाकी नव्वद दिवसांपेक्षा अधिक राहिली, की खाते अनुत्पादक म्हणजे एनपीए होते. तोपर्यंत शाखेच्या हातात बरेच काही असते. नंतर फाइल वसुली विभागाकडे आणि वकिलाकडे जाते, आणि शाखाधिकाऱ्याचे मन असले तरी हात बांधलेले असतात.

म्हणून पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच शाखेत जावे. तोंडी बोलून येऊ नये. लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नोकरी गेली, आजारपण आले, धंदा बसला, जे असेल ते खरे लिहावे आणि पुरावा जोडावा. मुदत वाढवून हप्ता कमी करणे, काही महिने हप्ता पुढे ढकलणे, कर्जाची पुनर्रचना करणे, असे मार्ग बँकेच्या धोरणात असतात. ते हक्क नव्हेत, पण मागितल्याशिवाय कोणी देतही नाही. कर्ज दुसऱ्या बँकेत कमी व्याजाने नेण्याचा मार्गही खाते स्वच्छ आहे तोवरच खुला असतो.

व्याजदराकडेही पाहावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. वीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १५,५०० रुपये बसतो. सुरुवातीलाच दर साडेनऊ टक्के झाला तर पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच १५,८०० च्या वर जाते. म्हणजे जुना हप्ता भरणारा माणूस मुद्दल तर फेडत नाहीच, उलट कर्ज वाढवतो, आणि त्याला ते कळतही नाही. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा आणि धोरणानुसार स्थिर दराकडे जाण्याची संधी द्या. २०२५ मध्ये रेपो दर पुन्हा खाली आला. बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मानदंडाशी, बहुधा रेपोशी, जोडलेली असतात. त्यापूर्वीच्या कर्जांना ही कपात आपोआप तेवढी मिळत नाही. जुने कर्ज नव्या पद्धतीत आणण्यासाठी अर्ज करावा लागतो. तुमचे खाते कोणत्या पद्धतीत आहे, हे या महिन्यात शाखेत जाऊन विचारा.

या नव्वद दिवसांत करू नये अशी एक गोष्ट आहे. घराचा हप्ता भरण्यासाठी खाजगी सावकाराकडून किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जातून पैसे उचलू नयेत. नऊ टक्क्यांचे कर्ज फेडायला तीस-चाळीस टक्क्यांचे कर्ज काढणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. घरातले सोने कपाटात आणि घर लिलावात, असेही होऊ देऊ नये. सोने पुन्हा घेता येते.

उद्यमबागेत छोटे मशीनशॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांची गोष्ट याच वेळची. दुसरा हप्ता चुकला तेव्हाच ते सपत्नीक शाखेत आले. जुनी लेथ विकून थकबाकी भरली, मुदत वाढवून घेतली, वरचा मजला भाड्याने दिला आणि ते भाडे सरळ कर्ज खात्यात वळवले. चार लोकांना कळले. दोन दिवस चर्चा झाली. ते कुटुंब आजही त्याच घरात राहते.

नोटीस आल्यानंतर

खाते एनपीए झाल्यावर बँक कलम १३ खाली साठ दिवसांची मागणी नोटीस देते. ही नोटीस म्हणजे शेवट नव्हे. घरातल्या सर्वांनी ती एकत्र बसून वाचावी. रक्कम खात्याच्या उताऱ्याशी ताडून पाहावी. भरलेले हप्ते धरले आहेत का, दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावले आहे का, हे पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार दंड आकार मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. चूक दिसली किंवा म्हणणे असले तर लेखी हरकत द्यावी. बँकेने ती फेटाळली तर पंधरा दिवसांत कारणांसह कळवणे तिच्यावर बंधनकारक आहे.

दोन सवलती फार थोड्यांना ठाऊक असतात. मुद्दल आणि व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या वीस टक्क्यांपेक्षा कमीच येणे उरले असेल तर हा कायदा त्या घरावर वापरता येत नाही. शेतजमिनीवरही वापरता येत नाही. कर्ज बहुतेक फिटत आले असताना नोटीस आली, तर हे लेखी निदर्शनास आणावे.

एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरून खाते पूर्ववत होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. तेवढी जमत नसेल तर दोन मार्ग राहतात. पहिला एकरकमी तडजोडीचा, ज्याला आपण सेटलमेंट म्हणतो. तो मागता येतो, पण हक्काने नव्हे. न्यायालयाने बँकेला तडजोड करायला भाग पाडता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पैसे कोठून आणणार हे ठरवूनच आकडा लिहावा, कारण मुदतीत भरले नाहीत तर तडजोड मोडते. शिवाय तुमच्या पतनोंदीत 'तडजोड' हा शेरा राहतो आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते.

दुसरा मार्ग मनाला जड, पण पुष्कळदा तोच शहाणपणाचा. बँकेच्या लेखी संमतीने घर आपणच विकावे. सीटीएस उताऱ्यावर बोजा असला तरी बँकेला रक्कम देऊन तो उतरवून विक्री करता येते. आपण गिऱ्हाईक शोधले तर बाजारभाव मिळण्याची आशा असते. लिलावातल्या घराला वादाचे घर म्हणून गिऱ्हाईक बिचकते आणि भाव पडतो. लिलावात कर्ज व खर्च भागून वर उरलेली रक्कम मालकाचीच असते, ती मागून घ्यावी. आणि कमी पडली, तर बाकीसाठी बँक पुन्हा मागे लागू शकते. लिलाव झाला म्हणजे सुटलो, असे नसते.

साठ दिवस संपले की ताब्याची नोटीस येते. दारावर चिकटवतात आणि वर्तमानपत्रात छापतात. हा ताबा आधी कागदोपत्री असतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. या टप्प्यावर पंचेचाळीस दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा या बाबतीत बंद आहे. त्यानंतर लिलावाची तीस दिवसांची नोटीस निघते. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच पूर्ण रक्कम भरावी लागते, आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. लिलावाच्या आदल्या दिवशी मेहुण्याने पैसे आणून दिले आणि घर वाचले, या जुन्या गोष्टी आता घडत नाहीत.

जामीनदारांनो, तुम्हीही वाचा

आपल्या समाजात भिडेखातर सही करण्याची जुनी रीत आहे. मामेभावाच्या कर्जाला सही, शेजाऱ्याच्या कर्जाला सही, तालमीतल्या दोस्ताच्या कर्जाला सही. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. ज्यांच्या घरात अजून वाटण्या झालेल्या नाहीत त्यांनी तर जास्तच जपावे. एका भावाच्या धंद्यासाठी सर्व भावांनी सह्या केल्या, की ते कर्ज सर्वांचे होते. सही केली असेल तर वर्षातून एकदा त्या खात्याची स्थिती विचारण्यात संकोच करू नये.

भाषेचा प्रश्न इथेही आहे

वडगावच्या त्या पाचही पाकिटांतली पत्रे इंग्रजीत होती. वर्तमानपत्रातली नोटीस इंग्रजी आणि कन्नडमध्ये होती. त्या घरातली आजी मराठी चौथी शिकलेली, रोज मराठी पेपर चष्मा लावून वाचते. कागद मराठीत असता तर तो मीटरवाल्याचा आहे असे तिला सांगता आले नसते. तिने वाचला असता, आणि ती बाई गप्प बसणारी नव्हे.

कन्नड किंवा इंग्रजीविरुद्ध ही तक्रार नाही. कन्नड वाचणाऱ्या आजीला कन्नडमध्ये कागद मिळावा हा तिचा हक्क, तसाच हा आमचा. नियमही आमच्या बाजूने आहे. ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी आणि त्यातले एक त्या भागात पुरेसा खप असलेले स्थानिक भाषेतील असावे, असे सरफेसीचे नियम सांगतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी दैनिकांचा खप किती, हे कोणाला सांगायला नको. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा आणखी स्पष्ट आदेश आहे. कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे आणि समजावून सांगून तशी सही घ्यावी. कर्ज देताना समजणारी भाषा चालते, तर घर घेताना का नाही?

दुसरा प्रश्न अंतराचा. बेळगावच्या माणसाला ऋणवसुली न्यायाधिकरणात दाद मागायची तर बेंगळूरला जावे लागते, सुमारे पाचशे किलोमीटर. त्याविरुद्ध अपील चेन्नईला, आणि तेही येणे रकमेच्या निम्मी, फार तर पाव रक्कम भरल्यावर. धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ आले, बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहून २०१२ पासून तिथे अधिवेशने भरतात. मग उत्तर कर्नाटकातल्या कर्जदारासाठी न्यायाधिकरणाने महिन्यातून चार दिवस बेळगाव किंवा हुबळी-धारवाडला बसायला काय हरकत आहे? ही बाब केंद्राची आहे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक खासदार-उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, हा प्रश्न विचारला पाहिजे. या मागणीत मराठी आणि कन्नड असा भेद नाही. गोकाकचा विणकर आणि वडगावचा विणकर एकाच गाडीने बेंगळूरला जातात.

आपण काय करायचे

सरकारने करायचे ते मागत राहू. पण त्याची वाट पाहत बसलो तर वरातीमागून घोडे. म्हणून कार्यकारिणीपुढे मी तीन प्रस्ताव ठेवतो.

पहिला, महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात कर्जविषयक कागद वाचून देण्याची सोय करावी. आपल्यात बँकेतले निवृत्त लोक आहेत, वकील आहेत. नोटीस मराठीत समजावून सांगणे, मुदतीची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देणे आणि अर्ज लिहून देणे, एवढेच काम. पैसे घ्यायचे नाहीत आणि ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. मी स्वतः पहिल्या रविवारपासून बसायला तयार आहे. माझ्या बँकेच्या खातेदारांचे कागद मात्र दुसऱ्याने पाहावेत, हे उचित होईल.

दुसरा, ज्यांना वकील परवडत नाही त्यांना जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या कायदा सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. बहुतेक घरतारणात पत्नीची किंवा आईची सही असते, तिच्या नावाने हा अर्ज करता येतो.

तिसरा, वसुलीवाल्यांचा जाच किंवा हिशोबाची चूक असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायला लावावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी फी नाही. २०२१ साली एकत्रित लोकपाल योजना आणताना रिझर्व्ह बँकेने चंडीगडच्या केंद्रात तक्रार कोणत्याही भाषेत स्वीकारली जाईल असे जाहीर केले होते. म्हणजे आपल्या मराठीत लिहिलेले पत्र तिथे चालते. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई आहे, हेही घरातल्या बायकामुलांना सांगून ठेवावे.

वडगावच्या घराचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. मी त्या मुलाला घेऊन दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो. ती बँक माझी नव्हे. तिथल्या अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतले, पण लिलावाची नोटीस आदल्या आठवड्यातच छापून आली होती. घर विकले गेले. कर्ज भागून थोडी रक्कम उरली, ती मागून घेतली, आणि ते कुटुंब आता त्याच गल्लीच्या टोकाला भाड्याने राहते. गल्लीत कोणी त्यांना हसले नाही. उलट सामान हलवायला अर्धी गल्ली आली होती. ज्या लोकांना कळू नये म्हणून पाकिटे देव्हाऱ्यामागे ठेवली, तेच लोक टेम्पोत भांडी भरत होते. सहा महिने आधी कळले असते तर यातल्याच दोघाचौघांनी हात दिला असता, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

आज हा अंक वाचून झाल्यावर एवढे करा. घरात न फोडलेले एखादे पाकीट असेल तर ते फोडा. त्यावरची तारीख पाहा. आणि समजले नाही, तर रविवारी मंडळात घेऊन या.